दुसरी बाटली

गोदूअक्कांनी कळशी वर ओढली, आतलं तांबूस पाणी एकदा पाहिलं आणि ती काठावर टेकवली. अंगावर ओलेतं. वय सत्तरीचं, पण दोराला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नव्हत्या.

"मी ओढते ना, अक्का," प्रमोदिनी स्वैपाकघराच्या दारातून म्हणाली.

"नको गं. मडीत आहे मी. स्वल्प लांबच राहा."

मडी म्हणजे सोवळं, एवढं कानडी प्रमोदिनीला तीन दिवसांत आलं होतं. तीन दिवस शेजारच्या अक्का देवाचं पाणी भरायला तिच्या विहिरीवर येत होत्या. स्वतःच्या दारात गोड्या पाण्याची विहीर असताना.

"मग गाळलेलं तरी देऊ का?"

आत तिवईवर तीन माठांची उतरंड होती. तिच्या नवऱ्याने, पद्माकरने, कारखान्यातून आल्यावर महिनाभर खपून ती मांडली होती. वरच्या माठाच्या बुडाला बारीक भोकं. थेंब थेंब पडताना पाण्याला वारा लागायचा, कुजक्या अंड्याचा वास उडून जायचा, लोखंडाचा गाळ मधल्या माठातल्या वाळू-कोळशावर बसायचा आणि खालच्या माठात बरं पाणी यायचं. बरं, एवढंच. त्यात चहा टाकला की शाई तयार.

"तुझ्या माठाला कोण कोण शिवतं, मला काय ठाऊक?" अक्का म्हणाल्या. "हे लालच असू दे. काल नैवेद्याचा भात केशर घातल्यासारखा झाला. देव काही बोलला नाही."

कळशी कमरेवर घेऊन त्या गेल्या. प्रमोदिनीची नजर त्यांच्या मागोमाग कुंपणापलीकडे गेली आणि तिथेच अडकली. रविवार होता, तरी पद्माकर सकाळीच तिकडे पोचला होता. ब्लीचिंग पावडरीचा डबा हातात धरून विहिरीत वाकला होता, आणि अक्कांची सून अहल्या शेजारी उभी राहून त्याचं म्हणणं मन लावून ऐकत होती.

एकोणसाठ साली जयनगरच्या त्या टोकाला नळ आला नव्हता. ज्याची त्याची विहीर, ज्याचं त्याचं नशीब. अहल्येच्या दोरीवरचे पंचे बगळ्यासारखे. प्रमोदिनीच्या दोरीवरचे वीटभट्टीवरून आणल्यासारखे. अहल्येच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कॉफी, पण पुण्याच्या इंजिनियरसाठी ती मुद्दाम चहा करायची. आणि तो घरी येऊन म्हणायचा, "रंग काय येतो गं त्यांच्याकडे." एवढंच म्हणायचा. पण रोज म्हणायचा.

मग दोन्ही विहिरींचं पाणी तपासायला द्यायचं ठरलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पद्माकरचा मित्र होता, उमाकांत. "दोन्ही बाटल्या वीस मिनिटं उकळ," पद्माकरने बजावलं होतं. "आत बोट लावू नकोस. नाहीतर आपल्या हातचे जंतू पाण्याच्या नावावर जातील."

प्रमोदिनीने एक बाटली उकळली. दुसरी नुसती विसळली. बूच लावताना बोट आत गेलं, ते तिने लगेच काढलं नाही. घाई होती म्हणावं, तर घाई नव्हती. ती दुसरी तिने अहल्येकडे भरायला दिली.

कागद आला. प्रमोदिनीच्या पाण्यात लोखंड, पण जंतू नाहीत. अहल्येच्या पाण्यात जंतू.

प्रमोदिनीला वाटलं होतं, आता तरी चहा घरी होईल. झालं भलतंच. पूर्वी तो तिकडे एकदा जायचा. आता पावडर किती उरली ते हुंगायला दोनदा जाऊ लागला. आणि पावडरीचं पाणी देवाला कसं घालायचं, म्हणून अक्का कळशी घेऊन इकडे येऊ लागल्या.

पद्माकर परत आला तो डबा कोनाड्यात ठेवत म्हणाला, "पावसाळाभर टाकावी लागणार. अहल्याबाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्यात. ती विहीर खणल्यावर पहिलं पाणी लागलं, तेव्हा अक्कांनी विहिरीची ओटी भरली होती म्हणे. आता तिच्याकडे पाठ करून बसतात."

मधल्या माठातली लाल झालेली वाळू प्रमोदिनी परातीत उपसत राहिली.

तासाभराने अक्का पुन्हा दाराशी आल्या. हातात तीर्थाची वाटी, पळी.

"हात धू. आणि पुढे कर."

तिने हात धुऊन ओंजळ पुढे केली. अक्कांनी न शिवता, वरून पळी रिकामी केली.

"तुझ्याच विहिरीचं आहे. दिसायला लाल, पण आतून स्वच्छ. कागदावर तसं लिहून आलंय ना?"

"आलंय."

"सरी, ठीक. घे मग."

तिने तीर्थ घेतलं. तुळशीच्या वासामागून गंजका खिळा चोखल्यासारखी चव आली. रीतीप्रमाणे तिने ओला हात डोळ्यांना लावला, मग डोक्यावरून फिरवला. अक्का समाधानाने वळल्या. कुंपणाच्या फटीतून जाताना आपल्या विहिरीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

प्रमोदिनीने वाळूची परात बाजूला सारली आणि शेगडीवर पातेलं चढवलं.

"चहा का?" पद्माकर वर्तमानपत्रामागून म्हणाला. "मला नको. तिकडे झाला."

"चहाचं आधण नाही हे."

पातेल्यात काहीतरी खडखडू लागलं, तसा तो उठून आला. आत एक बाटली आडवी पडली होती.

"पुन्हा तपासायचंय? मग दोन्ही उकळ ना."

"एकच पुरे," ती म्हणाली. "आपली मागच्या वेळी उकळली होती."