भरल्या चाकाचा आवाज

त्या दुपारी भीमसिंगच्या पदरात पडणार होतं ते थोडंथोडकं नव्हतं. शाळेत शिकवणारी सून. केळापूरच्या किसनसिंगसारखा वजनदार समधी. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत गोड: 'पोरगं एवढ्या दूर जाऊन करते तरी काय?' असं विचारणारी तांड्यातली तोंडं एकदाची बंद. द्यायचं काय होतं? ताटभर गूळ. गूळ तोंडात गेला की सगाई पक्की, मग शब्द फिरत नाही. विचारायचं-सांगायचं असेल ते त्याआधी.

किसनसिंगला विचारायचं एवढंच होतं, की आपल्या लेकीनं, अंजूनं जायचं ते गाव कसं आहे आणि तिथं मुलगा कसा राहतो. विशाखापट्टणमला कोण जाणार? तोड भीमसिंगच्या पोरानं, इंद्रजीतनंच काढली. रविवारी ऑफिसला सुट्टी, सायकलच्या हँडलला मोबाइल बांधतो, बसल्या जागी सगळं शहर फिरवून आणतो. तेव्हा बोरी अरबजवळच्या तांड्यात, मळभ दाटलेल्या त्या दिवशी, खाटेवर तांब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर तिघं बसले होते. इकडं भीमसिंग, तिकडं त्याची बायको रुपीबाई, मधोमध मानाच्या जागी किसनसिंग.

समुद्र आला. किसनसिंगनं तो नीट पाहून घेतला.

"एवढं पाणी, अन् एक वावर वलत नाही याच्यानं," तो म्हणाला. "माह्या आजाचा बाप समुद्रावरून मीठ आणे भाई, बैलावर लादून. अन् आपलं पोट्टं पाहा, पाय हलवत सैर करून राह्यलं."

"वाळला माहा पोरगा," रुपीबाई म्हणाली.

"चढ लय हाये ना याडी इथं," मोबाइलमधून इंद्रजीत धापा टाकत, हसत आईला म्हणाला. "एक सरला का दुसरा."

भीमसिंग पाहत कमी आणि ऐकत जास्त होता. तरुणपणी वीस वर्षं त्यानं दारव्ह्याला कापसाच्या बैलगाड्या नेल्या होत्या. रस्त्यानं गाडी गेली की भरलेली की रिकामी, हे तो डोळे मिटून सांगे. रिकामं चाक बडबडतं. भरलेलं दाबून बोलतं. इंद्रजीतची सायकल दाबून बोलत होती.

एका फाटकापाशी ती थांबली. "जरा दम खातो मामा, तवर समुद्र पाहा." दोन मिनिटं नुसत्या लाटा दिसल्या. पुन्हा निघाली तेव्हा चाक किंचित हलकं झालं होतं. दुसऱ्या फाटकानंतर आणखी हलकं.

"हापिस दाखवता का नाही जवाईबापू?" किसनसिंगनं विचारलं. जवाईबापू! रुपीबाईनं पदर सारखा केला.

काचेची एक उंच इमारत दिसली. लगेच नेटवर्क गेलं. चांगली दहा मिनिटं. आणि सायकल निघाली ती सकाळच्या कापसाच्या गाडीसारखी, गच्च भरून.

भीमसिंगला आता ऐकायचं काही उरलं नव्हतं. पोरगं लोकांच्या दारोदार माल पोचवत होतं. रविवारीसुद्धा. सांगायची वेळ हीच होती. सांगून काय मिळणार होतं? काही नाही. न सांगून तिन्ही. त्यानं ताट पुढं सरकवलं.

"घ्या भाई. मन भरलं असंल तं तोंड गोड करा."

किसनसिंगनं गुळाचा खडा उचलला. तेवढ्यात मोबाइलमध्ये रस्ता एकदम खाली कोसळला.

"आता उतार पाहा मामा! थेट समुद्रात जाते!"

घरं वर पळायला लागली. ब्रेक किंचाळला. भीमसिंग खाटेवरून ताडकन उठला.

"इंद्र्या, फुडचा नको दाबू! मागचा धर! ओझं उलटवन तुले!"

"मागचाच धरला बा," पोरगं सवयीनं बोलून गेलं. "माल कसून बांधेल हाये."

तिकडं सायकल थांबली. इकडं किसनसिंगचा हात.

"पोराच्या ओझ्याचं मले काही नाही भाई," तो म्हणाला. "माह्या घरी तेच केलं सगळ्याईनं. तुमाले कवापासून मालूम होतं?"

"आजच. पयल्या चढापासून."

"अन् तरी ताट फुडं सरकवलं."

त्यानं खडा ताटात परत ठेवला, रुमालाला बोटं पुसली. चिकट होती, दोनदा पुसावी लागली. रुपीबाईला हात जोडले आणि मोटरसायकलकडं चालू लागला. समोरच्या ओट्यावरच्या दोन बायका पाहतच होत्या.

"काहून वरडले तुमी?" रुपीबाईनं दबक्या आवाजात विचारलं. "रोज उतरते तो तिथून. त्याले ब्रेक समजत नाही का?"

भीमसिंगलाही ते आता कळत होतं. पोरगं पडणार नव्हतंच.

"बा, मामानं गूळ खाल्ला का?" मोबाइलमधून आवाज आला.

"माल पोचव आधी."

रुपीबाईनं गूळ पुन्हा कागदात गुंडाळला. ताटाला चिकटलेला चुरा काढायच्या आत मुंग्या आल्या होत्या. सून गेली, समधी गेला, तोंडं तर ओट्यावर उघडलीसुद्धा. तिघांना फुकट मिळाला तो समुद्र तेवढा.

भीमसिंगनं मोबाइल उचलून कानाला लावला. तिकडं पुन्हा चढ लागला होता. चाक दाबून बोलत होतं.