लांबचा खांब

सहा वर्षं मी परसात खांब रोवून त्यावर पाखरांना घरटी म्हणून पोखरलेले भोपळे टांगतो आहे. जांभळ्या पाकोळ्या एकदाही राहायला आल्या नाहीत. भोकं पुस्तकातल्या मापाची आहेत, घुसखोर चिमण्यांची घरटी रोज उपसतो. शेजारच्या अर्लीनबाईंकडे मात्र वीस जोड्या! त्यांनी पाखरांवरचं एक पानही वाचलेलं नाही. आज वैतागून कुंपणावरून बाईंनाच कारण विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, “प्रोफेसर, खांब घरापासून इतका लांब का हो?” “त्यांना त्रास नको म्हणून. मी पडद्याआडूनच बघतो.” बाई खो-खो हसल्या. “अहो, त्यांना माणसांचा शेजार लागतो! माझी नातवंडं बेसबॉल खेळत बोंबलतात, म्हणून तर येतात. तुमचं घर ओसाड वाटत असणार त्यांना.” संध्याकाळी खांब उपटून स्वयंपाकघराच्या दाराशी रोवला, शेजारी खुर्ची मांडून बसलो. मग घसा खाकरून रिकाम्या भोपळ्यांना सांगितलं, “मी घरी आहे.”