इथलं की तिथलं

गाडीच्या काचेवर रात्रीत बर्फाचा पापुद्रा धरला होता. चारुता तो ट्रेनच्या एका जुन्या ओपल कार्डाने खरवडत होती. ब्लॅकटाउन सुटलं, सिडनीच्या ट्रेन सुटल्या, आणि नव्या घरी, गुंगालिनच्या थंडीत त्या कार्डाला हे एवढंच काम उरलं.

तिचा नवरा हृषिकेश खांद्याला बॅग अडकवून शेजारी उभा होता आणि फोनवरून मोठ्याने वाचत होता. त्याच्या कंपनीने एक पुस्तिका पाठवली होती, कोस्टा रिकात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी देशाची ओळख.

"ऐक ना. यांना लष्करच नाहीये. पंचाहत्तर वर्षांपूर्वी बरखास्त करून टाकलं."

"हं."

"आणि मे ते नोव्हेंबर पाऊस. त्या पावसाळ्याला हे लोक हिवाळा म्हणतात. डिसेंबरपासून उन्हाळा."

चारुताचा हात थांबला. "डिसेंबरमध्ये? पण तो देश उत्तर गोलार्धात आहे ना?"

"आहे की. दहा अंश उत्तर."

"म्हणजे सूर्य लांब गेला की यांचा उन्हाळा." ती क्षणभर विचारात पडली. "पाऊस नाही तो उन्हाळा. बरोबर आहे मग."

"बघ, आवडतंय तुला."

"मी फक्त विचारलं." ती पुन्हा खरवडू लागली.

दुपारपर्यंत कंपनीला कळवायचं होतं. जाणार की नाही, आणि जाणार तर एकटा की दोघं. आठवडाभर दोघांचं सगळं बोलून झालं होतं. आता आवाज चढवायचंही त्राण कुणात नव्हतं.

"निदान काच खरवडायला लागणार नाही, एवढा तरी पॉइंट दे."

"हातांच्या मागे दुसरं काहीतरी लागेल."

तो हसला नाही. पान पुढे सरकवलं. "हे भारी आहे. रस्त्यात कोणी समोरून आलं की तिथे 'आदिओस' म्हणतात. इथे हा शब्द निरोपाचा, तिथे वापरतात नमस्कारासारखा. थांबायचं नाही, म्हणायचं आणि पुढे जायचं."

तेवढ्यात शेजारचा ग्रेग कुत्र्याला घेऊन समोरून आला. हृषिकेशने हात वर केला. "आदिओस, ग्रेग!"

ग्रेग थबकला. "यू ऑफ समव्हेअर, मेट?"

"नॉट येट," हृषिकेश म्हणाला आणि चारुताकडे बघितलं.

ग्रेग "नो वरीज" म्हणेपर्यंत कुत्र्याने त्याला पुढे ओढत नेलं. चारुता गाडीत जाऊन बसली.

हीटर घरघरत राहिला. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

"लॅबमध्ये आत्ता कुठे पर्मनंट झालेय मी," ती म्हणाली. "सिंगापूरला परीक्षा दिली, इथे येऊन परत दिली. आता स्पॅनिशमध्ये द्यायची."

"माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरला संपतंय, चारू. मी काय हौसेने चाललोय?"

"माहितेय मला."

सिग्नल हिरवा झाला.

"आईला 'जाते' म्हटलेलं चालायचं नाही," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. पुण्यातून निघाले, तेव्हा 'येते' म्हणाले. सिंगापूरच्या शेजारणीला तेच. ब्लॅकटाउनला शेजारची सुखदा दारात रडत होती, तिलाही 'येते'. एका तरी घरी परत राहायला गेलो का रे आपण?"

"अगं, म्हणायची पद्धत असते ती."

"म्हणून म्हणून दमले मी."

ट्रॅमच्या स्टॉपशी तिने गाडी कडेला घेतली. हृषिकेश उतरला. दार धरून खाली वाकला. गारठा आत घुसला.

"काय कळवू?"

चारुताचे हात स्टीअरिंगवर होते. खरवडून खरवडून बोटं लाल झाली होती. लांबून ट्रॅमची घंटा वाजली. तो सरळ झाला, बॅग सावरली.

"येतो," सवयीने त्याच्या तोंडून निघालं.

यावर रोज ती 'ये' म्हणायची.

"आदिओस," ती म्हणाली.

त्याला आधी हसू आलं. मग ते अर्ध्यावरच राहिलं. तो पुन्हा खाली वाकला.

"इथलं की तिथलं?"

ट्रॅम येऊन थांबली. दारं उघडली. कानटोप्या घातलेली माणसं एकेक करून आत चढली.

"जा," चारुता म्हणाली. "चुकेल."

दारं मिटली. ट्रॅम गेली. हृषिकेश गाडीचं दार धरून तिथेच उभा होता, आणि हीटरची सगळी ऊब त्या उघड्या दारातून बाहेर चालली होती.