बाहेरची हार्ड डिस्क

“काका, आतली बसवू का बाहेरची देऊ?”

पलूसच्या संगणक-दुकानाचा तरुण मालक अरिहंत याने दोन्ही हार्ड डिस्क काचेवर मांडल्या. एक उघडी, लोखंडी, विटेच्या तुकड्यासारखी जड होती. दुसरी काळी, तळहातात मावणारी आणि शेपटीसारखी वायर असलेली. त्यांच्या शेजारी गावाच्या यात्रा कमिटीचा संगणक पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. निवृत्त हवालदार नाथाजी यांनी संपूर्ण प्रवासात ते पोते मांडीवरून क्षणभरही खाली ठेवले नव्हते.

“आतलीच बसव,” कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब यांनी निर्णय देऊन टाकला. “चांगलं स्क्रू आवळून टाक. बाहेरची काय, कुणीबी खिशात घालून न्हील. आन् आपला कंप्युटर हाय हवालदारांच्या घरात. तिथं मुंगीची शिरायची टाप न्हाई.”

नाथाजी काळ्या डिस्ककडे एकटक पाहत उभे होते.

नव्या डिस्कची आवश्यकता गतवर्षीच्या प्रसंगामुळे उत्पन्न झाली होती. यात्रेतील बैलांच्या शर्यतीत, अंतिम फेरीला, दोन छकडे एकाच वेळी रेषेवर आले. एक रंगूबाईंचा. ही बाई स्वतःच्या हाताने वैरण कापून बैल सांभाळीत असे. दुसरा छकडा नाथाजींच्या मुलाचा, शिवतेजचा. पंचांत मतभेद झाला. रेषेवरचा कॅमेरा थेट संगणकाला जोडलेला होता. तेव्हा चित्रीकरण पाहून निकाल द्यावा असे ठरले. पुत्राचाच छकडा असतानाही ते काम नाथाजींकडे सोपवण्यात आले, आणि त्यास सर्वांच्या आधी रंगूबाईंनी संमती दिली. चोवीस वर्षे सैन्यात काढलेल्या या माणसाच्या सचोटीविषयी गावात कोणाच्याही मनात संशय नव्हता.

नाथाजी तंबूत एकटेच गेले. बाहेर येऊन त्यांनी सांगितले की, संगणकातील जागा संपली होती, शेवटची फेरी चित्रीकरणात उतरलीच नाही. मग देवापुढे चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. चिठ्ठी शिवतेजच्या नावाची निघाली. गुलाल त्याच्यावर पडला. ढाल त्याच्या घरी गेली. रंगूबाई मात्र भर मैदानात “माझा बैल म्होरं हुता” असे ओरडत राहिल्या. लोक त्यांना हसले.

यंदा त्यांनी शर्यतीत नावच दिले नव्हते.

म्हणून आज सकाळी नाथाजी स्वतः त्यांच्या गोठ्यावर गेले होते. रंगूबाई शेण काढीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“न्हाई द्यायचं नाव, हवालदार,” त्या म्हणाल्या. “लोकं लबाड म्हणली, त्येचं काय न्हाई. पर तुमच्यासारखा माणूस उतरलं न्हाई म्हणतुया, देवानंबी चिठ्ठी त्याला दिली. मग माझंच डोळं खोटं बोललं आसत्याल. आता माझा मलाच भरवसा वाटंना.”

तेथून नाथाजी घरी आले. त्यांनी पाणीही घेतले नाही. संगणकाच्या तारा काढल्या, त्याला पोत्यात घातले आणि लालासाहेबांना निरोप धाडला की, पलूसला आजच जायचे.

“हवालदार, आवं बोला की! झोप लागली का उभ्या उभ्या?” लालासाहेबांनी कोपरखळी मारली.

नाथाजींनी अरिहंतकडे पाहिले. “एक इचारतो. आतल्या डिस्कवरचं पुसलेलं माघारी निघतं का रं?”

“वरून दुसरं काही भरलं नसेल तर निघतं, काका. पण मशीन रोजच्या वापरात असलं की अवघड.”

“वापरात न्हाई. गेल्या यात्रेपास्नं त्येचं बटन मी दाबलं न्हाई. कुणाला दाबू दिलं न्हाई.”

“मग आशा आहे. फक्त निघेल ते त्याच डिस्कवर उतरवायचं नाही. दुसऱ्या डिस्कवर घ्यावं लागतं.”

“ती दुसरी कुणाच्या दारात न्हेता येती? कुणाच्याबी टीव्हीला लावता येती?”

“बाहेरची असली तर येते.”

“मग बाहेरची दे.”

लालासाहेबांचा आवाज चढला. “आवं, कमिटीचं ठरलंय आतली बसवायची! आन् पुसलेलं काय हुडकताय? आपल्याला फुडच्या शर्यतीचं बघायचंय.”

“फुडच्या शर्यतीची आतली कमिटीनं खुशाल बसवावी,” नाथाजी शांतपणे म्हणाले. “पर मशीन माझ्या घरात ठिवू नका.”

अरिहंतने संगणक पोत्याबाहेर काढला. “काका, नक्की निघेल अशी हमी मात्र देता येणार नाही.”

“तू तुझं काम कर. निघालं तर गावाला दावीन. न्हाई निघालं तर तोंडानं सांगीन. आज सांजच्याला देवळापुढं सांगायचं ठरलंया.”

“काय सांगायचं ठरलंया?” असे म्हणत लालासाहेबांनी रिकामे पोते रागाने बाजूला ओढले. ते रिकामे नव्हते. तळातून काहीतरी खणखणत फरशीवर पडले. लालासाहेबांनी वाकून ते उचलले. ती गतवर्षीची ढाल होती. तिच्या खाचांतील गुलाल अद्याप निघाला नव्हता.

“ही हितं कशाला आणली, हवालदार?”

नाथाजी ताठ उभे राहिले. साहेबापुढे उभे राहावे तसे.

“जिची हाय तिला द्यायला. शेवटची फेरी उतरली हुती, लालासाहेब. रंगूबाईचा बैल वीतभर म्होरं हुता. पुसलं ते मी.”