फुकटातलं पोस्टर

“फुकटात झालंय, बाई! संस्थांना डिझाइनं मोफत मिळतात,” विश्वस्त निमकर कालिंदीबाईंना म्हणाले. पोस्टरवर गोबऱ्या गालांची गोरी मुलं हसत होती. सोमवारपर्यंत दहा मुलं मिळाली नाहीत, तर बाईंचा वस्तीतला अभ्यासवर्ग बंद होणार होता.

चार दिवस कुणी फिरकलं नाही. बाई नळावर गेल्या. बायका म्हणाल्या, “ती पोस्टरवरची बड्यांची शाळा ना? आमच्या पोरांना दारात कोण उभं करतंय?”

बाईंनी पोस्टर उलटं लावलं आणि नळावरच्या पोरांकडून कोऱ्या बाजूवर त्यांची नावं गिरवून घेतली. बघता बघता नाव लिहायला रांग लागली.

सोमवारी सतरा मुलं आली. निमकर फोटो काढत म्हणाले, “बघितलंत? ही डिझाइनची ताकद!”

“कागद चांगला होता,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी दोन्ही बाजू कोऱ्या ठेवा.”