सेकंडहँड खोली

कपाटाचं दार उघडून पांचाळ आपल्या कारखान्यात शिरले. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये रंधा मारायला जागा नव्हती आणि गाळा परवडत नव्हता. कपाटात अख्खी खोली घडी घालून बसवून देणारे आता निघाले होते. पांचाळांनी तसली एक सेकंडहँड घेतली. आधीचा मालकही सुतारच. चावी न देताच तो कुठं गेला, ते एजंटलाही माहीत नव्हतं.

"जुनी घडी आहे, आवाज घुमेल," एवढंच एजंट म्हणाला होता.

घुमायचा खरा. मागच्या भिंतीपाशी घडी संपत होती, पलीकडे काहीच नव्हतं. तरी पांचाळांनी रंधा मारला की तिकडूनही तसाच आवाज यायचा.

आज खंडेनवमी, म्हणून काम बंद. पांचाळांनी करवत, रंधा, पटाशी मांडून हळदकुंकू वाहिलं. घंटा वाजवली. पलीकडूनही घंटा वाजली.

"अहो, नारळ राहिला इकडंच!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "थांबा, आणते."

पांचाळ हात जोडून थांबले.

भिंतीपलीकडे नारळ फुटला.