भरदुपारी विझलेला स्क्रीन

"हे घ्या तुमचं खेळणं!" कॅप्टन हर्षवर्धननी खोका टेबलावर आदळला.

"आपटू नका साहेब, आत काच आहे," अपेक्षा म्हणाली.

"काच? अहो, माझं डोकं फुटायची वेळ आली होती!"

भोईवाड्यातला अपेक्षाचा गाळा एवढासा. दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. कॅप्टनचा मेकॅनिक रामजी तसा दारातच थांबला. आत कोपऱ्यात अपेक्षाची आई, जाईबाई, तारांना सोल्डर करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

कॅप्टनचा पारा चढायला कारण होतं. त्यांचा स्वतःचा फ्लाइंग क्लब. तिथल्या एका छोट्या विमानातले जुने काट्यांचे डायल काढून अपेक्षाने बनवलेला हा एकच स्क्रीन बसवला होता. तेलाचा दाब, इंजिनाची उष्णता, टाकीतलं इंधन, सगळं एका नजरेत. चाचणीला कॅप्टन स्वतः बसले. मुरलेला माणूस, उडण्याआधी करायचं ते सगळं त्यांनी रीतीप्रमाणे केलं होतं. आणि वर गेल्यावर भर उन्हात स्क्रीन असा मिणमिणला की आकडा दिसेना. इंजिन तापलंय की ठीक आहे, देव जाणे! आवाजावर भिस्त ठेवून, जीव मुठीत धरून उतरले बिचारे.

आता ते हे सगळ्या क्लबांना कळवणार होते. एकदा कळवलं की संपलं. चार वर्षं अपेक्षाने ह्या यंत्रापायी झोप म्हणून घेतली नव्हती, आणि विमानाच्या धंद्यात बदनाम यंत्राला पुन्हा कोणी उभं करत नाही.

"सॉफ्टवेअर गंडलंय," कॅप्टन म्हणाले. "मान्य करा, विषय संपवा."

"न गंडलेलं गंडलंय असं कसं मान्य करू? तपासते ना."

"तपासा. माझ्यासमोर."

तिने वायर जोडली. स्क्रीन लागला, पण देवळीतल्या पणतीसारखा. कॅप्टननी रामजीकडे बघून भुवया उडवल्या. बघ, मी काय सांगत होतो!

अपेक्षाने स्क्रीन तिरका धरला, खालच्या कोपऱ्यावर टॉर्च मारला आणि तिचा चेहरा बदलला.

"साहेब, ह्या बारीक भोकात उजेड ओळखणारा सेन्सर आहे. अंधार पडला की तो स्क्रीन मंद करतो, पायलटच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. हे भोकच बुजलंय. त्याला वाटतंय रात्र झाली."

तिने सुई घेऊन हळूच कोरलं. लाल कण टेबलावर पडले. आणि स्क्रीन असा लख्ख पेटला की कॅप्टनना डोळे मिचकावावे लागले.

त्यांनी कण चिमटीत घेऊन चोळले. "कुंकू!"

मग कॅप्टनना चेवच आला. "म्हणजे मी आकाशात जीव टांगून बसलोय आणि इथे हळदीकुंकू चाललंय? एकविसावं शतक आहे, मॅडम! अंधश्रद्धेपायी माणूस मरेल एखादा!"

बोलता बोलता त्यांची नजर जाईबाईंवर गेली. यंत्र न्यायला ते आले होते त्या दिवशी ह्याच बाईने कोपऱ्यात मेणबत्ती लावून हात जोडले होते. त्यांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. आणि कपाळ बघा, कोरं. स्वतःला लावता येत नाही म्हणून यंत्राला लावलं असणार, त्यांनी मनाशी जोडून टाकलं.

"आईने नाही लावलं," अपेक्षा म्हणाली.

"पाठीशी घालू नका. वय झालंय त्यांचं, मी समजू शकतो. म्हणून मधला मार्ग सांगतो. उद्यापासून ह्या बाई गाळ्यात दिसता कामा नयेत. मग मी पुन्हा चाचणी घेतो, कोणाला काही कळवत नाही."

मोठ्या मनाचा माणूस! आपलंच बोलणं आपल्याला आवडल्यासारखे ते खुर्चीत रेलले.

अपेक्षाने स्क्रीन बंद केला. तिला संताप आवरत नव्हता.

"मग कळवा."

"काय?"

"सगळ्यांना कळवा. ह्यातला एकेक जोड माझ्या आईने दिलाय. ती बसेल तिथे माझा गाळा. तुमची चाचणी ठेवा तुमच्याकडे."

"अहो, चार वर्षं पाण्यात जातील!"

"जाऊ देत. आई कुठेही जाणार नाही."

कॅप्टनना अशा उत्तराची सवय नव्हती. आजवर त्यांच्यापुढे लोक हात बांधून उभे राहायचे. ही पोरगी तर नजरसुद्धा खाली करेना.

जाईबाईंनी सोल्डरिंग गन स्टँडला लावली, पदराला हात पुसले आणि टेबलाशी आल्या.

"कॅप्टनसाहेब, माझ्या कपाळाकडे मघापासून बघताय ना? नीट बघा. नवरा होता तेव्हाही ते असंच कोरं होतं. छप्पन साली माझ्या सासूने दीक्षा घेतली आणि कुंकवाची डबी दादरच्या समुद्रात फेकली. त्यानंतर आमच्या घरात कुंकू आलेलं नाही. मी हात जोडले ते बुद्धासमोर. तुम्ही सुखरूप उतरावं म्हणून."

कॅप्टनचा चेहरा लालबुंद झाला. हार मानतील तर ते कॅप्टन कसले!

"तुम्ही नाही लावलंत, मॅडमनी नाही लावलं." ते ताडकन उठले. "मग काय, मी लावलं?"

"हो साहेब," दारातून रामजी म्हणाला. "नवीन यंत्र म्हणून उडण्याआधी पूजा केलीत ना. नारळ मी आणला होता, पण बोट तुमचंच होतं."